आईच्या पेटीतले दहा कोट

"किल्ली दे ना, मावशी! गाडी दारात उभी आहे, विमान काही माझ्यासाठी थांबायचं नाही..."

ठकूनं हात पुढे केला. मावशींचा हात मात्र कमरेच्या जुडग्यावर जाऊन तिथेच थबकला. मागच्या खोलीत खिडकीखाली ती हिरवी पत्र्याची पेटी होती. पेटीत दहा लोकरी कोट होते, सगळ्यात धाकटा सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा आणि सगळ्यात थोरला पंधरा वर्षांच्या. आणि त्या पेटीची किल्ली अठ्ठावीस वर्षं मावशींनी जिवापाड जपली होती.

"सगळेच्या सगळे नेणार?"

"सगळे! त्या शहरातल्या सर्वांत मोठ्या दुकानानं रस्त्याकडेची अख्खी दर्शनी काच आपल्याला दिलीय, मावशी, पंधरा दिवस! तिथे हे दहा कोट ओळीनं टांगायचे. बाकी काही नाही. नुसते आईचे कोट, आणि खाली आपल्या लेबलचं नाव."

आईचे कोट... मावशींनी जुडग्यातली ती किल्ली चाचपून वेगळी काढली.

"दोन-तीन ठिकाणी कसर लागलीय ग. थोडं रफू करून घेतलं असतं कुणाकडून—"

"नको, नको! हात लावू नकोस त्यांना!" ठकू झटकन म्हणाली, आणि आपला सूर आपल्यालाच लागल्यासारखी थोडी वरमली. "तसं नव्हे, मावशी... पण आईचा हात जसाच्या तसा दिसायला हवा. लोक तेच बघायला येणार आहेत."

मावशींनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. पेटी गाडीत गेली, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि त्या मोकळ्या खोलीत, पेटीखालच्या फरशीवर उरलेल्या गंजाच्या चौकोनाकडे बघत मावशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

मावशी या घरात आल्या तेव्हा ठकू सहा वर्षांची होती, आणि तिच्या आईला जाऊन जेमतेम अकरा महिने झाले होते. शिंप्याच्या एका मोठ्या दुकानात मावशी तेव्हा कोटांची काजं करायच्या. "हिच्या हातचं काज म्हणजे झोपलेल्या बाळाची पापणी," असं तिथले कटिंग मास्तर गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवत. लग्नाचं वय उलटून गेलेलं, माहेर नावाला उरलेलं. टपाल कचेरीतल्या एका अबोल विधुरानं विचारलं आणि त्या आल्या. नवऱ्यासाठी कमी, दाराआडून टकमक बघणाऱ्या त्या दोन व्याकूळ डोळ्यांसाठीच जास्त!

पण त्या डोळ्यांना त्या नको होत्या. ठकू त्यांच्या हातचं जेवायची नाही, त्यांनी विंचरलेले केस त्यांच्यासमोरच विस्कटून टाकायची. 'आई' म्हणणं तर लांबच, ती त्यांना हाकच मारायची नाही. शेवटी वडिलांनी रदबदली केली आणि 'मावशी'वर तह झाला. थंडी तोंडावर आली. पोरीचा जुना कोट कोपरापर्यंत आखूड झालेला. मावशींनी मास्तरांकडून उरलेलं लोकरी कापड मागून घेतलं, दुकानातल्या मधल्या सुट्टीत त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कोट शिवला आणि मोठ्या आशेनं घरी आणला. ठकूनं तो हातात घेतला, दारात गेली, आणि सरळ गटाराच्या चिखलात टाकून वर पाय दिला!

"तू आणलेलं काही नको मला! मला माझ्या आईचं पाहिजे!"

आठवडाभर ती त्या आखूड कोटात शाळेत गेली. आठव्या दिवशी तापानं फणफणली. रात्रंदिवस खोकणाऱ्या त्या एवढ्याशा छातीवर हात ठेवायचीही मुभा मावशींना नव्हती... त्यांनी चिखलाचा कोट धुतला, सगळा उसवला, कापड उलटं करून आतली कोरी बाजू बाहेर घेतली, कॉलर बदलली, बटणं बदलली, आणि ठकू उठून बसायला लागली त्या दिवशी तिच्या आईची पेटी तिच्यासमोर ओढून म्हणाल्या, "बघ तरी, आईनं तुझ्यासाठी काही ठेवलंय का."

तळाशी कोट होता. ठकूनं त्यात तोंड खुपसलं. "आईनं शिवलाय?" आतूनच तिनं विचारलं.

"हो. आजारपणात, बसल्या बसल्या. थंडीत घालायला."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मुलगी झोपल्यावर तो हलकेच म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोललीस. पाप लागेल."

"लागू दे! पोरीला थंडी तर नाही ना लागणार?"

पण खोटं एकटं राहत नाही, त्याला पिलं होतात. पुढच्या वर्षी बाह्या आखूड झाल्या तेव्हा ठकू पेटीपाशी येऊन बसली: "अजून आहे?" ... नाही कसं म्हणायचं? मावशींनी सांगितलं, आईनं वर्षाला एकच काढायला सांगितलंय. आणि पेटीला कुलूप लागलं. दहा वर्षं, दहा कोट! आपल्याला शिवता येतं हे पोरीला कळू नये म्हणून मावशींनी घरात सुई धरली नाही ती नाहीच. "मी दुकानात इस्त्री करते," एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. घरातलं बटण तुटलं तर ते शेजारी लावून आणायचं. आणि मग एक दिवस मोठी झालेली ठकू त्याच कोटांची शिवण उलटीसुलटी बघून, टाके मोजून, तसेच टाके चिंधीवर घालायला शिकली. आईच्या हातावरून शिकतेय असं ती मोठ्या अभिमानानं मैत्रिणींना सांगायची! मावशी तिथेच भाजी निवडत बसलेल्या असायच्या. टाका चुकला की त्यांची बोटं आपोआप शिवशिवायची. त्या उठून आत जायच्या.

वडील गेले. जाताना त्यांनी मावशींचा हात घट्ट धरला, ठकूकडे बघितलं, ओठ हलवले... मावशींनी मानेनंच 'नको' म्हटलं.

ठकूनं स्वतःचं लेबल काढलं. चाळीस बायांचा कारखाना उभा राहिला. म्हातारे झालेले मास्तर तिथे कटिंगला आले, आणि मावशी धागे कापायला, बटणं निवडायला. इथे नाव झालं. पण परदेशातल्या त्या मोठ्या शहरात ठकूला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. दोन वर्षं तिनं तिथे जिवाचं रान केलं. प्रदर्शनात गाळे घेतले, ट्रामच्या थांब्यांवर फलक लावले, चार लोक ज्यांच्याकडे बघतात अशा बायकांना फुकट कोट पाठवले. त्यांनी ते घेतले आणि घातले नाहीत. लेबलचं नावसुद्धा तिथल्या लोकांना धड म्हणता यायचं नाही. अखेर तिथल्या एका जाहिरातवाल्या बाईनं, बोलता बोलता, तिच्याकडून ती पेटीची गोष्ट काढून घेतली, आणि ऐकता ऐकता ती बाई रडली म्हणे!

मग त्या गोष्टीवरची जाहिरातीची फिल्म आली. कारखान्यात सगळ्यांनी ती एकत्र बघितली. खुंटीवर एक एवढासा कोट, बर्फ पडणारी खिडकी, आणि एक शांत आवाज. त्या आवाजाचं बोलणं हिशेबनीस बाई एकेक वाक्य करून मराठीत सांगत होत्या.

"'ती गेली, पण तिची ऊब उरली...' मग... 'वडिलांनी दुसरं लग्न केलं. घर...'" हिशेबनीस बाई अडखळल्या.

"सांगा ना," मावशी म्हणाल्या.

"'घर थंड पडलं. त्या थंड घरात तिला जपलं ते आईच्या टाक्यांनी.'"

चाळीस मशिनी बंद होत्या, तरी त्याहून काहीतरी अधिक बंद पडल्यासारखं झालं. कुणी मावशींकडे बघेना. मास्तर उठून तरातरा बाहेर गेले. मावशींनी समोरच्या डब्यातली बटणं निवडायला घेतली, काळी काळ्यात, तपकिरी तपकिरीत. आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपण सगळी एकाच डब्यात टाकतोय.

ते वाक्य ठकूनं लिहिलं नव्हतं. पण तिनं ते राहू दिलं होतं.

पेटी गेल्यानंतर आठव्या दिवशी ठकूचा फोन आला. आवाज विचित्र होता.

"मावशी, आईला शिवता येत होतं ना?"

"म्हणजे काय! आज हे काय काढलंस?"

"इथे एक बाई आहेत, जुने कपडे जतन करतात. कसर काढायला त्यांनी एका कोटाची कॉलर उसवली. आत जे ताठ कापड घालतात, त्यावर गिरणीचा शिक्का निघालाय. वर्षासकट. आई गेल्यानंतरचं पाचवं वर्ष आहे ते, मावशी. जाहिरातवाल्या बाई म्हणतात, तेवढा तुकडा कापून टाकू, कुणाला कळतंय..."

"मग कापा ना!" मावशी पटकन बोलून गेल्या.

मावशींना आपली चूक उमगली, पण शब्द हातातून निसटलेल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखा केव्हाच लांब गेला होता. "अग, म्हणजे... गिरणीवाले काय, काहीही छापतात..." त्या सांगत राहिल्या. पण फोन बंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी ठकू दारात उभी! ना फोन, ना निरोप. ती सरळ कारखान्यात आली. दुपारच्या सुट्टीत बाया बाहेर गेल्या होत्या. मावशी आणि मास्तर तेवढे होते. तिनं लोकरीचा एक तुकडा, सुई आणि मेण लावलेला धागा मावशींपुढे ठेवला.

"एक काज करून दाखव."

"मला कुठे येतं ग!" मावशी हसल्या. "जन्म गेला इस्त्री करण्यात."

"करून तर बघ."

मावशींनी सुई घेतली. अलीकडे त्यांच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती, समोरचं जग कडेकडेनं विझत होतं. पण या कामाला त्यांना डोळे लागत नव्हते. बोटांना सगळं येत होतं, आणि आज त्यांना बोटांशीच भांडायचं होतं! चाळीस घरांची चूल या लेबलवर होती. आणि त्याहून मोठं म्हणजे, या पोरीची आई एकदा गेली होती... तिला दुसऱ्यांदा आपल्या हातानं न्यायची? छे! देवा, एवढं एक काज मला बिघडवू दे... एखाद्या अडाणी बाईनं घालावेत तसे वेडेवाकडे टाके त्यांनी घातले, धागा मुद्दाम सैल सोडला, कड उसकटू दिली, आणि तुकडा पुढे केला. "बघ, म्हटलं नव्हतं?"

ठकूनं तो उजेडाशी धरला. पुष्कळ वेळ बघितलं.

"मावशी... नवशिकीचा एक टाका लांब पडतो, एक आखूड. हे तीसच्या तीस टाके सारखेच वाकडे आहेत ग! वाकडं काढायलासुद्धा तुझा हात सरळच चालला..."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. इतक्या वर्षांचं ओझं उतरवावं तसे ते म्हणाले, "कापड मी द्यायचो, पोरी. दहाही कोटांचं. नावच तुझं ठकू, ठकलीस! पण अशी फसवणूक नशीबवानालाच मिळते."

"तुम्ही गप्प बसा हो, मास्तर!" मावशी कळवळून ओरडल्या. पण आता काय उरलं होतं?

ठकू धावत येऊन गळ्यात पडेल, असं कुणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडू लागली. त्या रडण्यात राग होता.

"का केलंस असं? म्हणजे आईनं माझ्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं? एवढी वर्षं मी कुणाला कवटाळून बसले होते, मावशी? माझी आई होती तरी कोण मग?"

मावशी गुडघ्यांवर हात देत तिच्याशेजारी खाली बसल्या. हाच प्रश्न येणार, म्हणून तर त्या अठ्ठावीस वर्षं भीत होत्या.

"तिला सुई धरता येत नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "बटण तुटलं की पिन लावायची आणि हसायची. तुझे बाबा सांगायचे. मोठ्यानं हसायची म्हणे, रस्त्यावरचे वळून बघायचे. टपाल कचेरीत तिकिटं विकायला बसायची आणि कुणाचं पत्र वजनाला जरासं जास्त भरलं तर काट्याकडे बघायचीच नाही. शेवटी शेवटी हात उचलेनात, तर तुला पोटावर बसवून तुझ्या पायाची बोटं मोजायची. दर वेळी अकरा मोजायची, आणि तू भांडायचीस, दहाच आहेत म्हणून... ही तुझी आई. खरी हीच. मी तिच्या जागी एक शिवणारी बाई उभी केली, आणि ही खरी माझ्यापाशीच राहून गेली. चुकले ग मी... पण थंडी होती फार. आणि तू माझं काही घेत नव्हतीस."

ठकूनं मान वर केली. रडणं थांबलं नव्हतं, पण त्यातून कुठूनतरी एक हसू फुटलं. "अकरा..." ती पुटपुटली. "अकराच म्हणायची, मावशी! आठवतंय मला!"

आणि मग तिनं मावशींचे दोन्ही हात ओढून घेतले. सुयांनी चाळण झालेली ती बोटं, ज्यांना तिनं कधी नीट बघितलंही नव्हतं, ती तिनं एकेक करून डोळ्यांना लावली. "घर थंड पडलं म्हणाले ग मी, जगासमोर! ते वाक्य मी राहू दिलं..." तिनं काहीतरी हाक मारायला तोंड उघडलं, आणि कोणती ते ओळखून मावशींनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ती जागा तिचीच राहू दे. मला मावशीच म्हण. फार कष्टानं कमावलंय मी ते नाव."

ठकू परत निघाली तेव्हा मावशींनी तिचा रस्ता अडवला. "तो तुकडा कापून टाक आणि गप्प राहा. माझी शपथ आहे! एवढं सगळं उभं केलंस ते धुळीला मिळेल."

"तू अठ्ठावीस वर्षं गप्प बसलीस, मावशी. मला एकदा बोलू दे."

आणि ती बोलली. काचेवरचा पडदा उघडायच्या दिवशी, तिथल्या सगळ्या बातमीदारांसमोर. कारखान्यात पडद्यावर ते दिसत होतं. मावशींना नुसती एक उजळ हलती आकृती कळत होती. हिशेबनीस बाई सांगत होत्या: "'हे कोट माझ्या आईनं शिवलेले नाहीत. ज्या बाईला मी थंड म्हणाले, तिनं शिवलेत...'" पुढचं त्यांना सांगवेना. पुढचं मावशींनीही ऐकलं नाही. त्यांनी पदरानं तोंड झाकून घेतलं होतं.

सुखान्त व्हायचा तर तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं: 'मेलेल्या आईचा बाजार'. ज्या बायका त्या फिल्मवर रडल्या होत्या त्यांना आपले अश्रू फुकट गेल्याचा संताप आला. तीन दिवसांत काच रिकामी झाली. तिथल्या आणि मग इथल्याही दुकानांनी माल परत केला, जाहिरातवाल्या बाईंनी फोन उचलणं सोडलं. दोन वर्षं जे नाव कुणाला म्हणता येत नव्हतं, ते आता सगळ्यांना येत होतं, आणि हसण्यासाठी येत होतं.

ठकू पेटी घेऊन घरी परतली. कारखान्यात चाळीसच्या सात बाया उरल्या. काम सुटलेल्यांतली एक, जाताना, पंधरा वर्षं मावशींच्या शेजारी जेवायला बसलेली, उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मावशी, तुमची माया खरी हो. पण तिच्यापायी आमच्या तोंडचा घास गेला." मावशींनी मान डोलावली. त्यात खोटं काय होतं?

त्या हिवाळ्यात मावशींचे डोळे गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी शेवटचा उजेड गेला त्या सकाळी त्या खिडकीशी बसून, उन्हाची ऊब कुठून येते ते हातानं चाचपत राहिल्या. आता ठकू त्यांचे केस विंचरायची, भरवायची. आणि दुपारी दोघी शेजारी बसून काम करायच्या. ठकू काज करायची, मावशी त्यावर बोट फिरवून सांगायच्या, "चौथा टाका लांब पडला." इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच, मावशी तिला शिकवत होत्या. जे डोळ्यांनी एकदा बघायला त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं, ते आता फक्त बोटांनी बघायचं होतं!

थंडी सरता सरता त्या परदेशी शहरातून आलेलं एक पत्र सापडलं. परत आलेल्या मालाच्या कागदांत ते दडून राहिलं होतं.

"कुणाचं ग?" मावशींनी विचारलं.

"एक बाई आहे. तुझ्याबद्दल वर्तमानपत्रात वाचलं म्हणते." ठकू थांबत थांबत वाचू लागली. "'माझ्या नवऱ्याची मुलगी सात वर्षांची आहे. मी आणलेलं ती काही घालत नाही. मला एक कोट हवाय. रंग कोणताही चालेल. माप सोबत लिहिलं आहे, ती झोपेत असताना घेतलंय, म्हणून थोडं चुकलं असेल. एकच विनंती आहे...'" ठकूनं कागद उलटला. "'त्यावर लेबल लावू नका.'"

मशिनी बंद होत्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मावशींनी हात पुढे केला.

"मास्तरांना म्हणावं, आपल्याकडची सगळ्यात मऊ लोकर काढा. आणि माप वाच बघू मला... खांद्यापासून सांग. सावकाश."

ठकू वाचत गेली, आणि मावशी हवेत बोटांनी मोजत गेल्या: खांदा, पाठ, छाती. बाहीपाशी त्यांनी तिला थांबवलं.

"बाही दोन बोटं जास्त ठेव, ठकू. आत दुमडून टाका. पोर रुसलेली असली तरी वाढायची थांबत नाही."